आम्ही आणि आपण

"सर, शेवटी खून होतो की नाही, एवढं तरी सांगा."

बी. ए. च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गातला हा प्रश्न. गेल्या महिन्यात मी मुलांना अभ्यासक्रमाबाहेरचं एक पुस्तक वाचायला सांगितलं होतं. मी मराठी शिकवतो आणि पुस्तक होतं कन्नड. त्यावरून स्टाफरूममध्ये थोडी चेष्टाही झाली. पण आमच्या वर्गात निम्मी मुलं अशी आहेत की ज्यांची आजी एका भाषेत रागावते आणि आई दुसऱ्या. त्यांना दोन्हीकडचं वाचता येतं, ही बेळगावची कमाई आहे, ती वाया का घालवायची? ज्यांना कन्नड लिपी जमत नव्हती त्यांनी इंग्रजी भाषांतर मिळवलं. पुस्तक शंभर-सव्वाशे पानांचंच, त्यामुळे कुरकुर कमी झाली.

पुस्तक म्हणजे विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर'. कन्नडमध्ये ती 2013 साली आली. श्रीनाथ पेरूर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर 2015 साली निघालं आणि मग ती जगभर वाचली गेली. शानभाग मूळचे उत्तर कन्नड जिल्ह्यातले, 'देश काल' या त्रैमासिकाचे संपादक म्हणून कन्नड वाचकांच्या ओळखीचे. पुस्तकाच्या दुकानात ही कादंबरी थरारकथांच्या फळीवर मिळणार नाही. तिच्यात गुप्तहेर नाही, पोलीस नाहीत, प्रेतही नाही. तरी वर्गातल्या त्या मुलाने खुनाचंच विचारलं. त्याने बरोबर वाचलं होतं.

आमच्या पिढीचं रहस्यकथेचं शिक्षण भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत झालं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वडिलांच्या तोंडी असायचे, आमच्या वाट्याला सुहास शिरवळकर आले. त्या पुस्तकांत सूड हा रोख व्यवहार असे. अमक्याने तमक्याच्या बापाला मारलं, मुलगा मोठा झाला आणि हिशेब चुकता केला. कोण कुणावर का उलटलं हे शेवटच्या पानापर्यंत कळायचंच. वाचून झालं की निवांत झोप लागायची.

'घाचर घोचर' वाचून मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण शोधायला मला दोन वर्षं लागली. ते कारण सांगण्यासाठीच आजचा हा लेख. शेवट आधीच फोडतो आहे म्हणून रागावू नका. ही गोष्ट शेवट कळल्याने नासत नाही, उलट दुसऱ्यांदा वाचताना जास्त घाबरवते.

गोष्ट बंगळूरमधल्या एका कुटुंबाची. अप्पा, अम्मा, मुलगी मालती, अप्पांचा धाकटा भाऊ म्हणजे चिक्कप्पा, आणि ही गोष्ट सांगणारा मुलगा, ज्याचं नाव आपल्याला कधीच कळत नाही. अप्पा चहापत्तीचे विक्रेते. घर लहान, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या. रोजचा हिशेब पैशापैशाने जुळवायचा. मग अप्पांची नोकरी जाते आणि मिळालेला पैसा चिक्कप्पाच्या 'सोना मसाला' या धंद्यात गुंतवला जातो. धंदा चालतो. नुसता चालत नाही, धावतो. मोठं घर येतं, आणि घरात कोणी बोललं नाही तरी एक नियम बसतो. जो कमावतो त्याच्या मनाविरुद्ध काही घडू द्यायचं नाही. चिक्कप्पाचा चहा, चिक्कप्पाची झोप, चिक्कप्पाचा मूड. आपल्याकडे पेठेतल्या कितीतरी दुकानदार घरांत असा एक काका असतो. वाचताना प्रत्येकाला आपापला दिसेल.

या घरातली हिंसा सुरू होते मुंग्यांपासून. जुन्या घरात मुंग्यांचा सुळसुळाट असतो. डबे पाण्यात ठेवायचे, अन्न झाकायचं, हे सगळं रीतसर संरक्षण. पण हळूहळू अम्माला आणि मालतीला मुंग्या मारण्यात रस वाटू लागतो. मारायची गरज संपते तरी मारणं संपत नाही. गरीब घरातल्या माणसांना आपल्याहून दुबळं असं काहीतरी सापडलेलं असतं आणि ते त्यांच्या घरात शिरलेलं असतं, एवढा गुन्हा पुरे. बैलहोंगलकडची एक मुलगी वर्गात म्हणाली, "सर, सगळ्या पुस्तकात मला त्या मुंग्याच भयानक वाटल्या. कारण आमच्याकडे पण मारतात." वर्ग हसला. ती हसली नाही.

मुंग्यांनंतर एक बाई येते. एके दिवशी ती दारात उभी राहते, हातात मसूरच्या डाळीचं कालवण. चिक्कप्पाला ते आवडतं म्हणून तिने करून आणलेलं असतं. तिचं त्याच्याशी काय नातं आहे ते न सांगताच कळतं. अम्मा आणि मालती तिच्यावर तुटून पडतात. कालवण जमिनीवर सांडतं, त्याचा वास दारात पसरतो, बाईला हाकलून लावलं जातं. चिक्कप्पा घरातच असतो, पण बाहेर येत नाही. आपला कथानायक सगळं बघत असतो, आणि तोही काही करत नाही. एक माणूस मात्र हादरतो, ती म्हणजे त्याची नवी बायको अनिता.

हे पान मी वर्गात मोठ्याने वाचायला घेतलं आणि निम्म्यात थांबलो. कारण पुढे येईलच.

पुढे मालती नवरा सोडून माहेरी येते. तिचे दागिने सासरी राहिलेले असतात, आणि चिक्कप्पाच्या ओळखीची दांडगी माणसं बरोबर घेऊन ते परत आणले जातात. सगळ्या पुस्तकात सूड म्हणावं असं हेच एक प्रकरण. गंमत म्हणजे वाचताना आपण मालतीच्या बाजूने असतो. स्त्रीधन तिचंच, ते तिला मिळायलाच हवं. पण त्या घराला तेव्हा एक गोष्ट कळते, की पैसा असला की माणसंही पाठवता येतात. पुढे केव्हातरी चहाच्या वेळी, अगदी सहज, बायकांच्या खुनांवर गप्पा रंगतात. घरातल्या घरात काय काय घडतं, अपघात म्हणून कसं खपून जातं. हसत-खिदळत चाललेलं बोलणं. कोणी कुणाचं नाव घेत नाही.

आणि शेवटी कथानायक कॉफी हाऊसमध्ये बसलेला आहे. माहेरी हैदराबादला गेलेली अनिता परत यायची वेळ उलटून गेली आहे, तिचा काही निरोप नाही. त्याच्या हातातला ग्लास फुटतो, बोट कापतं, आणि व्हिन्सेंट नावाचा वेटर त्याच्या हातावरच्या रक्ताकडे त्याचं लक्ष वेधतो. कादंबरी संपते.

आता त्या मुलाचा प्रश्न. खून होतो का? शानभाग सांगत नाहीत. वर्गात दोन तट पडले. एक म्हणे झालाच, दुसरा म्हणे गाडी उशिरा आली असेल. तासाची घंटा वाजली तरी भांडत होती पोरं. मी मात्र म्हटलं, गाडी उशिरा आली असली तरी काय फरक पडतो? तिच्याच नवऱ्याला तिचा खून झाला असणं शक्य वाटतं आहे. आपली आई, बहीण, काका हे करू शकतील असं त्याला वाटतं आहे. आणि तरी तो कॉफी पीत बसला आहे. जे व्हायचं ते तिथेच झालं.

रक्त दाखवायचं की नाही, हा आपल्याकडेही जुना वाद आहे. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणलं तेव्हा पातळावरच्या तांबड्या डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि तो तांबडा समजावा असं प्रयोगाआधी जाहीर केलं. तेंडुलकरांच्या त्या घरातही बाप, भाऊ, बहीण पैशापायी एकमेकांचे लचके तोडतात. पण तिथे सगळे ओरडतात, शिव्या देतात, मारतात. प्रेक्षक मनात म्हणतो, बापरे, आमचं घर असं नाही बुवा. शानभाग आपल्याला ही सोय ठेवत नाहीत. त्यांच्या घरात सगळे एकमेकांवर प्रेम करतात. एकमेकांसाठी काहीही करायला तयार असतात. भीती त्या 'काहीही'ची आहे.

आता मला दोन वर्षं लागलेल्या त्या कारणाकडे येतो. ते व्याकरणातलं आहे, त्यामुळे मास्तरकी म्हणून सोडून देऊ नका.

मराठीत दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. आजच्या कन्नडमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द, 'नावु'. माझी पत्नी धारवाडची. लग्न होऊन आली तेव्हा मराठी बरी बोलायची, पण हा भेद तिला जमायचा नाही. ताटं मांडून झाली की म्हणायची, "अहो, आम्ही जेवू या." घरात हशा पिकायचा. आई पदराने तोंड झाकून हसायची. "म्हणजे आम्ही उपाशी राहायचं वाटतं?" असं काका म्हणायचे.

वर्षभरात तिला भेद कळला. व्याकरणाच्या पुस्तकाने नाही शिकवला, आमच्या घराने शिकवला. "आमच्याकडे संक्रांतीला असं करत नाहीत." "आमच्याकडे सुना दुकानात बसत नाहीत." "आमच्यात हे चालत नाही." तिच्यासमोर, तिला उद्देशून, ती ज्या घरात राहते त्याच घराबद्दल. बोलणारी माणसं वाईट नव्हती. तिच्या बाळंतपणात आईने रात्री जागून काढल्या. पण 'आमच्याकडे' म्हणताना तीच आई दाराच्या आत असायची आणि बायको बाहेर. मी कुठे असायचो? वर्तमानपत्र वाचत असायचो.

'घाचर घोचर' पुन्हा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसलो आणि जिथे जिथे 'नावु' येतं तिथे मनात मराठी शब्द घालून बघायला लागलो. सुरुवातीला 'आपण' बसतो. वाचकही त्या गरीब घरात सामावतो, त्यांच्याबरोबर मुंग्या मारतो. मग अनिता आल्यावर तोच शब्द 'आम्ही' होत जातो. कन्नड वाचकाला शब्द बदलल्याचं दिसत नाही, कारण तो बदललेलाच नसतो. आणि त्या घरातल्यांनाही दिसत नाही. हिंसा करतो आहोत असं त्यांना कधी वाटतच नाही, ते फक्त 'नावु'ला जपत असतात. मुंगी बाहेरची, कालवण आणणारी बाई बाहेरची, जावई बाहेरचा. सून राहिली.

उलट पुस्तकाच्या नावाची गोष्ट बघा. 'घाचर घोचर' हा शब्द कन्नडमध्ये नाही, मराठीतही नाही. आपण गुंता म्हणतो, कन्नडमध्ये गोजलु म्हणतात. हा शब्द अनिता आणि तिच्या भावाने लहानपणी पतंगाच्या दोऱ्याच्या गुंत्यावरून केलेला. त्यांच्या घरातल्या चौघांपलीकडे तो कुणालाच माहीत नसतो. लग्नानंतर उटीला गेल्यावर, गाठ बसलेली नाडी सुटेना म्हणून ती तो शब्द उच्चारते आणि नवऱ्याला त्याचा अर्थ सांगते. म्हणजे पाचव्या माणसाला ती आपल्या घरात घेते. आपल्या 'आपण'मध्ये घेते. बदल्यात त्याच्या घराने तिला काय दिलं ते पुस्तकात आहे. मला वाटतं, सगळ्या कादंबरीत खरा घात असेल तर तो हा, आणि त्यात कुठेही आवाज झालेला नाही.

शानभागांचं नंतरचं एक पुस्तक 'सकीनाळ मुत्तु' यातही घरातला पुरुषच गोष्ट सांगतो आणि दाराशी अनोळखी माणसं येऊन उभी राहतात. त्यावर पुन्हा कधीतरी. दारात कोण येतं आणि त्याला कोण काय सांगतं, यावर या लेखकाची नजर खिळलेली दिसते.

आमच्याही दारात एकदा कोणीतरी आलं होतं.

मी तेव्हा आठवीत होतो. शहापुरातलं आमचं जुनं घर, पुढे भुसाराचं दुकान, मागे आम्ही तीन बिऱ्हाडं. थोरले काका अचानक गेले. थोरल्या काकूंना मूल नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि त्या हुक्केरीजवळच्या आपल्या माहेरी गेल्या, चार दिवसांसाठी म्हणून. घरात जे बोलणं झालं ते आम्हा पोरांसमोर झालं नाही. पण कुणी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. "त्यांचं तिकडेच बरं चाललंय," एवढंच कानावर यायचं.

काकू शिवणकाम करायच्या. ब्लाऊज, परकर, आमच्या शाळेच्या चड्ड्या. त्यांचं पायाचं शिवणयंत्र माजघरात खिडकीखाली होतं. माहेराहून त्यांनीच आणलेलं. एका दुपारी त्या भावाला घेऊन ते न्यायला आल्या. बाहेर हातगाडी उभी केली होती. आतून काकांनी मला सांगितलं, "घरात कोणी नाही म्हण."

मी दारात गेलो आणि म्हटलं, "घरात कोणी नाही."

काकूंनी उंबऱ्यापाशी बघितलं. तिथे सगळ्यांच्या चपला होत्या. आठ-नऊ जोड तरी असतील. त्यांनी त्या चपलांकडे जितका वेळ बघायचं तितका वेळ बघितलं आणि मग मला विचारलं, "जेवलास का रे?" मी म्हटलं, जेवलो. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. हातगाडी रिकामी परत गेली. आत आल्यावर काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहे आमचा," म्हणाले.

कुणी काकूंना हात लावला नाही. कालवण सांडलं नाही, शिवीगाळ झाली नाही. म्हणूनच इतकी वर्षं हा प्रसंग मी हिंसा या शब्दाशेजारी ठेवून कधी बघितला नव्हता. वर्गात ते मसूरडाळीचं पान वाचता वाचता तो समोर आला आणि मला पुढे वाचता येईना. मुलांना वाटलं सरांचा घसा बसला. एकीने पाण्याची बाटली पुढे केली.

त्या कादंबरीतल्या सांगणाऱ्याला नाव का नाही, असं समीक्षक विचारतात. मला उत्तर सोपं वाटतं. 'आम्ही'त ज्याने स्वतःला मुरवलं त्याला नावाची गरज उरत नाही. त्याच्या हातून काही होत नाही, त्याच्या देखत होतं. आणि तो पगार घेत राहतो. 'सोना मसाला'चा पगार काम न करता त्याला मिळतो हे अनिताला कळतं तेव्हा ती दुखावते, आणि त्याला वाटतं, एवढं काय झालं? मी त्या पानावर बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "कळलं का? पैशाचं नाही ते."

पुस्तक मला तिनेच दिलं होतं, हे सांगायचं राहिलं. तिने ते कन्नडमध्ये फार आधी वाचलं होतं. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली होती, "रीऽ, ह्यात तुम्ही कोण ते शोधा." मी चिक्कप्पा शोधत बसलो. मी काही तसा नाही, म्हणून निश्चिंत झालो.

हा लेख लिहायला घेतला त्या रात्री तिला शिवणयंत्राची गोष्ट सांगितली. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तिला ते यंत्र माहीत होतं, पण कोणाचं ते माहीत नव्हतं. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा ते आमच्या वाट्याला आलं. माडीवर आहे. त्यावर आधी टीव्ही होता, आता झाडाच्या कुंड्या आहेत. ती लगेच वर गेली. खालचा खण अडकला होता, तो तिने चमच्याने उघडला. आत तीन बॉबिनी होत्या, एक टेप आणि खडूचा तुकडा.

काकू आहेत. भाच्याकडे असतात. ऐकायला कमी येतं, पण माणसं ओळखतात असं तिकडून आलेला एकजण परवाच म्हणाला.

"यंत्र न्यायचं तर टेम्पो करावा लागेल," मी म्हटलं. "शिवाय त्यांना आता शिवता थोडंच येणार आहे? आणि इतक्या वर्षांनी जाऊन सांगायचं तरी काय?"

ती पट्ट्यावरची धूळ पुसत होती. म्हणाली, "रविवारी नावु होगोणु."

त्या 'नावु'त आम्ही दोघंच होतो, की खाली झोपलेले आईसकट सगळे होते, हे कन्नडमध्ये कळायला मार्ग नाही. मी विचारलं नाही. टेम्पोवाल्याचा नंबर तेवढा शोधून ठेवला आहे.